लगतधारक

शेताची हद्द कायम करायची म्हणजे काय करायचं, हे आमच्या खात्यातल्या शिपायालाही तोंडपाठ असतं. शेतकरी अर्ज करतो, मोजणीची फी भरतो. मग आम्ही लगतधारकांना नोटिसा काढतो. ज्यांच्या बांधाला बांध लागून आहे ते सगळे लगतधारक. त्यातला एखादा मुंबईला नोकरीला असला तरी त्याला नोटीस गेलीच पाहिजे. ठरल्या दिवशी मोजणीदार गावात जातो, कोतवाल हाका घालतो, माणसं बांधावर जमतात. आपली वहिवाट कुठून कुठवर आहे ते ज्यानं त्यानं चालून दाखवायचं. मग जुनं टिपण उलगडायचं, ताळा घ्यायचा, खुणा करायच्या, जबाब लिहायचे, सह्या-अंगठे घ्यायचे. कुणाला मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते. तीही पटली नाही तर सुपर निमताना. आणि एवढं सगळं होऊन भांडण असतं ते दीड-दोन गुंठ्यांचं.

भूमी अभिलेख खात्यात मी मोजणीदार म्हणून लागलो आणि उपअधीक्षक होऊन निवृत्त झालो. शंकू साखळी ओढण्यापासून ईटीएस यंत्राच्या पडद्यावर आकडे वाचण्यापर्यंत सगळं या हातांनी केलं. बांधावर शिव्या खाल्ल्या, त्याच बांधावर नंतर चहाही प्यायलो. हद्द म्हटली की माणसाचा आवाज का चढतो, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

एवढी प्रस्तावना अमृतसरसाठी. 2023 च्या हिवाळ्यात आम्ही दोघं एका प्रवासी मंडळाबरोबर उत्तरेला गेलो होतो. अमृतसरच्या वाट्याला आले होते सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग, दुपारी वाघा आणि मधल्या वेळात 'खरेदीसाठी मोकळा वेळ'. आपल्या मराठी मंडळींचा हा मोकळा वेळ वड्या-पापड आणि फुलकारीच्या ओढण्यांत जातो. आमचाही गेला असता. पण सुवर्णमंदिराकडून येणाऱ्या त्या फरसबंद रस्त्यावर जुन्या टाउन हॉलची लाल विटांची इमारत दिसली आणि तिच्यावरची पाटी दिसली. फाळणी संग्रहालय. टूर मॅनेजरच्या यादीत ते नव्हतं. मी हिला म्हटलं, तू ओढण्या बघ, मी जरा आत डोकावून येतो. ही म्हणाली, "अहो, कल्याणची आहे मी. सिंधी पोरींबरोबर शाळेत गेलेय. मीही येते." ओढण्या राहिल्या.

हे संग्रहालय 2017 साली सुरू झालं. किश्वर देसाई ज्या न्यासाच्या अध्यक्ष आहेत त्या न्यासानं ते उभं केलं. फाळणी होऊन सत्तर वर्षं गेली तेव्हा कुठे आपल्या देशात तिचं पहिलं संग्रहालय झालं, आणि तेही सरकारी खात्याच्या पुढाकारानं नव्हे. मांडलेल्या वस्तू बहुतेक लोकांनी आपल्या घरातून आणून दिलेल्या. अमृतसरच का, या प्रश्नापासून दालनं सुरू होतात. उत्तर शहरानंच दिलेलं आहे: लाहोर इथून पन्नास किलोमीटर, मार्च 1947 च्या दंगलीत शहराचे काही भाग जळाले, आणि पश्चिमेकडून येणारे लोंढे आधी इथंच उतरले. पुढची दोन-तीन दालनं स्वातंत्र्यचळवळीची. ती मी भराभर ओलांडली. चांगली आहेत, पण तेवढं आपण शाळेत शिकलेलो असतो.

माझा पाय अडला तो हद्द ठरवण्याच्या दालनात.

सिरिल रॅडक्लिफ हे लंडनचे नामांकित वकील 8 जुलै 1947 ला दिल्लीत उतरले. त्याआधी त्यांनी हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. याला ब्रिटिशांनी गुण मानलं, कारण ज्याला काही माहीत नाही तो कुणाची बाजू घेणार नाही. पंजाब आणि बंगाल या दोन प्रांतांची वाटणी त्यांच्याकडे. वस्ती जवळजवळ नऊ कोटींची. मुदत साधारण पाच आठवडे. दोन्ही आयोगांवर चार-चार न्यायाधीश नेमलेले, दोन काँग्रेसनं सुचवलेले, दोन मुस्लिम लीगनं. त्यांचं एकमत होणार नाही हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं आणि तसंच झालं. म्हणजे निर्णय एकट्या अध्यक्षाचा. पंजाबच्या सुनावण्या 21 ते 31 जुलैला लाहोरमध्ये झाल्या. काँग्रेस, लीग, शीख यांच्या वकिलांनी तिथं रोज भाषणं केली. पण निकाल देणारे रॅडक्लिफ त्या न्यायालयात बसतच नव्हते. रोजचं कामकाज लिहून त्यांच्याकडे पोचवलं जायचं.

मी भिंतीवरच्या नकाशासमोर उभा राहून मनातल्या मनात आमच्या खात्याचा नमुना भरत होतो. अर्जदार: ब्रिटिश सरकार. मोजणीदार: परगावचा. अभिलेख: 1941 ची शिरगणती आणि जिल्ह्या-तहसिलींचे नकाशे. लगतधारकांना नोटीस: नाही. जागेवर वहिवाट दाखवली: नाही. वकिलांची म्हणणी ऐकली, हे खरं. पण वकील म्हणजे लगतधारक नव्हे. शकरगडच्या शेतकऱ्याला, कसूरच्या विणकराला कुणी विचारलं नाही की बाबा तुझी हद्द कुठली.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे निकालाची तारीख. पंजाबचा निवाडा 12 ऑगस्टला तयार होता. जाहीर झाला 17 ऑगस्टला. मधल्या पाच दिवसांत दोन देश जन्माला आले, झेंडे चढले, मिठाई वाटली गेली, आणि सीमेवरच्या लाखो लोकांना आपण कुठल्या देशात उभे आहोत हे ठाऊक नव्हतं. गुरदासपूर जिल्हा तात्पुरत्या वाटणीत पाकिस्तानकडे धरलेला होता. तिथं पाकिस्तानचा झेंडा चढला. 17 तारखेला कळलं की रावीपलीकडची शकरगड तहसील तेवढी पाकिस्तानात, बाकीच्या तीन तहसिली भारतात. बंगालात मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा, खुलन्यात भारताचा, आणि दोन-तीन दिवसांनी दोन्हीकडचे उतरवून उलटे. मालकाला सातबारा हातात न देता घरात राहायला सांगायचं आणि दोन दिवसांनी येऊन म्हणायचं, घर शेजाऱ्याच्या गटात निघालं. आमच्याकडे असा निकाल देणारा निलंबित होतो.

तरी एक गोष्ट मोजणीदार म्हणून मला नोंदवायला हवी. निवाड्याची कलमं मी नंतर मिळवून वाचली, आणि भाषा चोख आहे. उझ नदीपाशी हद्द सुरू होते, पण नदीचं पात्र नव्हे तर तहसिलीची सीमा धरावी, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. नदी पात्र बदलते, कागदावरची सीमा बदलत नाही, हे त्या वकिलाला बरोबर कळलं होतं. सुलेमानकीचं कालव्यांचं हेडवर्क्स पश्चिम पंजाबातच राहावं हा आपला हेतू आहे, असंही लिहून ठेवलेलं आहे, म्हणजे पुढं कुणी अर्थ लावताना घोळ घालू नये. कारकुनी बाजूनं माणूस हुशार होता. त्यानं कामाचं मानधन घेतलं नाही, कागदपत्रं जाळून टाकली आणि पुन्हा कधी इकडे आला नाही. पुढं 1971 मध्ये पत्रकार कुलदीप नय्यर लंडनला जाऊन त्यांना भेटले. रॅडक्लिफनी सांगितलं की लाहोर आधी आपण भारताला दिलं होतं, पण मग पाकिस्तानकडे मोठं शहरच उरत नाही हे लक्षात आलं. हे नय्यर यांनी लिहून ठेवलंय. एक शहर असं इकडचं तिकडे गेलं.

पाण्याचं मात्र त्यांना जमलं नाही, आणि जमणारही नव्हतं. पंजाबचे कालवे इंग्रजांनी एका प्रांताचे म्हणून बांधलेले. माधोपूर आणि फिरोजपूरची हेडवर्क्स भारतात आली आणि त्यांच्या पाण्यावरची कितीतरी शेतं पाकिस्तानात गेली. आमच्याकडे भावाभावांत जमीन वाटली जाते तेव्हा विहीर वाटत नाहीत. विहीर सामाईक राहते, पाळी ठरते, आणि ती सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंदवतात. रॅडक्लिफनाही तेच सुचलं होतं. कालव्यांवर दोघांनी मिळून देखरेख ठेवावी अशी आशा त्यांनी निवाड्यात व्यक्त केली. दोन्ही बाजूंना ते मान्य झालं नाही. तात्पुरता करार 31 मार्च 1948 ला संपला आणि दुसऱ्या दिवशी पूर्व पंजाबनं काही कालव्यांचं पाणी तोडलं. पाळी ठरायला 1960 चा सिंधू करार यावा लागला. 2025 च्या एप्रिलपासून भारतानं तोही स्थगित ठेवलाय.

मी नकाशात गुंतलो होतो तेवढ्यात ही मला बाहीला धरून पुढच्या दालनात घेऊन गेली. एका काचेमागं फुलकारीचं भरतकाम केलेला कोट आणि तपकिरी कातडी ब्रीफकेस. या दोन वस्तूंची कथा संग्रहालयातली सर्वांत प्रसिद्ध कथा आहे, अनेकांनी वाचली असेल. प्रीतम कौर आणि भगवानसिंग मैनी यांचं लग्न फाळणीपूर्वी घरच्यांनी ठरवलेलं. दंगलीत त्याचे तीन भाऊ मारले गेले. ती गुजरांवालाहून दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन निघाली. पिशवीत हा कोट. दोघं अमृतसरच्या निर्वासित छावणीत अन्नाच्या रांगेत एकमेकांना दिसले. 1948 च्या मार्चमध्ये लग्न झालं. हिचं लक्ष कोटाकडे, टाक्यांकडे. माझं ब्रीफकेसकडे. तिच्यात त्यानं काय आणलं होतं? शाळेचे दाखले आणि मालमत्तेचे कागद. तीन भाऊ गेलेत, जीव मुठीत आहे, आणि माणूस जमिनीचे कागद घेऊन निघतो. मला त्याचं जराही नवल वाटलं नाही. महापुरात घर सोडताना सातबारा पोटाशी बांधून निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

पुढं विहीर आहे. खरी नव्हे, उभी केलेली. मार्च 1947 मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोहा खालसा गावी नव्वदच्या वर शीख बायकांनी विहिरीत उड्या घेतल्या. बायका स्वतःहून गेल्या असं सांगायची पद्धत आहे. पण उर्वशी बुटालिया यांनी फाळणीतून वाचलेल्यांच्या ज्या मुलाखती घेतल्या त्यांतून दुसरंही पुढं आलं आहे: कितीतरी घरांतल्या बायका-मुलींना घरच्याच पुरुषांनी, अब्रू वाचवायची म्हणून, मारलं. त्यांना 'शहीद' म्हटलं गेलं, तेव्हा त्यांना जगायचं होतं का हा प्रश्न कुणी विचारू धजलं नाही. ही त्या विहिरीच्या काठाशी थांबली नाही. "बघवत नाही" एवढंच म्हणाली आणि पुढं गेली. मी थांबलो, कारण मला तिथं त्यानंतरच्या कायद्याची आठवण झाली. पळवलेल्या बायका परत आणायचं दोन्ही देशांनी डिसेंबर 1947 मध्ये ठरवलं, 1949 मध्ये आपल्याकडे त्याचा कायदा झाला. दोन्हीकडच्या मिळून पाऊण लाख बायका पळवल्या गेल्या असा अंदाज सांगतात. कायद्यानं त्यांना शोधून आणायचा अधिकार पोलिसांना दिला. जायचं की नाही हे ठरवायचा अधिकार त्या बाईला दिला नाही. काहींचे संसार झाले होते, मुलं झाली होती. ती बाई कुणाच्या हद्दीतली, एवढंच पाहायचं. जमिनीच्या मोजणीतसुद्धा कब्जेदाराचा जबाब घेतात.

निर्वासित छावण्यांच्या भागात सरदारीलाल पराशर यांची रेखाटनं आहेत. पराशर लाहोरच्या मेयो कला शाळेचे उपप्राचार्य होते. फाळणीनंतर अंबाल्याच्या बलदेवनगर छावणीचे प्रमुख झाले. छावणी चालवता चालवता हाताला लागेल त्या कागदावर त्यांनी माणसं काढली आणि तिथल्याच मातीच्या मूर्ती केल्या. बसलेली, डोक्यावर पदर ओढलेली, चेहरा नसलेली माणसं. मला चित्रकलेतलं फार कळत नाही, पण सबंध इमारतीत त्या चित्रांइतकं खरं मला काही वाटलं नाही. उलट शेवटच्या दालनातलं आशेचं झाड मला पटलं नाही. पानाच्या आकाराच्या कागदावर संदेश लिहून तो झाडाला अडकवायचा. शाळेच्या सहलीतली पोरं 'पीस' आणि 'लव्ह' लिहून हसत होती. विहिरीनंतर इतक्या लवकर आशा नको होती.

मृतांचा आकडा शोधत मी परत मागं गेलो. दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत कुठलाही आकडा अभ्यासक सांगतात. विस्थापित सव्वा ते दीड कोटी. मृतांच्या अंदाजात दहापट फरक, याचा अर्थ एकच होतो: मोजणी झालीच नाही.

जिवंत माणसांच्या जमिनीची मात्र झाली, आणि ती गोष्ट मला घरी परतल्यावर वाचनात सापडली. मला वाटतं, आपल्या खात्यातल्या प्रत्येक प्रशिक्षणात ती शिकवायला हवी. पश्चिम पंजाबातून आलेले हिंदू आणि शीख मागं 67 लाख एकर जमीन सोडून आले होते. पूर्व पंजाबातून गेलेल्या मुसलमानांची जमीन होती 47 लाख एकर. शिवाय तिकडची कालव्याखालची, इकडची पुष्कळशी कोरडवाहू. आता वाटणार कशी? तरलोक सिंग नावाच्या आयसीएस अधिकाऱ्यावर हे काम आलं. त्यांनी 'प्रमाण एकर' ठरवला. जमीन क्षेत्रानं मोजायची नाही, उत्पन्नानं मोजायची; बागायतीचा एक एकर एक प्रमाण एकर भरला तर कोरडवाहूचे कुठं दोन लागतील, कुठं चार. मग चढती कपात: ज्याची दहा एकरांपर्यंत होती त्याची पाव भागानं कापायची, आणि पाचशेच्या वर ज्यांची होती त्यांच्या वरच्या जमिनीतून शंभरात पंच्याण्णव. लहान शेतकरी जगला, मोठा जमीनदार पातळ झाला. एम. एस. रंधावा यांनी, जे नंतर या कामाचे प्रमुख झाले, 1954 साली यावर पुस्तकच लिहिलं.

पण मला भावलं ते दावे तपासायचं तंत्र. आरंभी कागद नव्हते, जमाबंदीची दप्तरं सीमेपलीकडे. अर्ज मात्र महिनाभरात पाच लाख. मग काय केलं? एका गावातून आलेल्या माणसांना एकत्र बसवलं आणि प्रत्येकाचा दावा त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचला. अमक्याची तीस एकर होती म्हणतो, खरं का? गाव सांगणार: खरं, खोटं, की पंचवीस. खोटा दावा करणाऱ्याची जमीन कापली जायची. पुढं दोन्ही देशांनी दप्तरांची देवाणघेवाण केली आणि ताळे घेतले गेले. नोव्हेंबर 1949 पर्यंत अडीच लाख वाटपं झाली होती. गाव सोडून आलेलं, नकाशाबाहेर गेलेलं, तरी त्याच्या बांधांची मोजणी त्याच्या लगतधारकांच्या तोंडून झाली. तंबूत बसलेल्या पटवाऱ्यांनी जे केलं ते दिल्लीत बसलेल्या कायदेपंडितांना करता आलं नाही, आणि वेळ दोघांकडेही नव्हता. म्हणून घाई हे कारण मला अपुरं वाटतं. लोकांना विचारायचं की नाही, हा खरा फरक.

दुपारी वाघा. गाव वाघा पाकिस्तानात आहे, आपलं गाव अटारी. पण सगळे म्हणतात वाघाच. हजारो माणसं, ढोल, गालांवर तिरंगे, देशभक्तीची गाणी, आणि मग दोन्हीकडच्या उंच जवानांनी डोक्यापर्यंत फेकलेल्या तंगड्या. 1959 पासून हे चाललंय. आम्ही गेलो त्या वेळी दरवाजे क्षणभर उघडत आणि दोन्हीकडचे अधिकारी हात मिळवत. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल 2025 पासून आपल्या बाजूनं दरवाजा उघडणं आणि हात मिळवणं दोन्ही थांबवलंय. आमच्या बसमधले लोक घसा बसेपर्यंत ओरडले. मीही ओरडलो, तिथं गप्प बसणं अवघड असतं. पण सकाळचं संग्रहालय आणि संध्याकाळचा हा सोहळा एकाच हद्दीचे आहेत हे जुळेना. तिकडे शे-दोनशे माणसं दबक्या पावलांनी फिरत होती, इकडे स्टेडियम भरलेलं.

परतताना बस ढाब्यावर थांबली. मालक सत्तरीचे सरदारजी. मी जमीन मोजणीतला आहे म्हटल्यावर त्यांनी खुर्ची ओढली. त्यांची काही जमीन तारेपलीकडे होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पंजाबात सीमेवर तारेचं कुंपण घालायला सुरुवात झाली. ते शून्य रेषेवर नाही, आपल्या हद्दीत थोडं आत आहे. म्हणजे कुंपण आणि रेषा यांच्यामधली शेतं भारताची, भारतीय शेतकऱ्याची, पण कुंपणाच्या पलीकडे. तिथं जायला फाटक, फाटकावर बीएसएफ, ओळखपत्र दाखवायचं, झडती द्यायची, ठरलेल्या वेळी आत जायचं, ठरलेल्या वेळी बाहेर. रात्री पाणी देता येत नाही. उंच वाढणारं पीक घ्यायचं नाही, आडोसा होतो. मी विचारलं, जमीन विकत का नाही? ते म्हणाले, घेणार कोण? मग म्हणाले, वडील तिकडून आले, त्यांना इथं जमीन मिळाली, पुन्हा तारेपलीकडची. आणि मोठ्यानं हसले. पंजाबात भारत-पाक सीमेची लांबी 553 किलोमीटर आहे, आणि तिच्या काठाकाठानं अशी शेती चालू आहे. वाघ्याला जाणाऱ्या बसमधून ती दिसत नाही.

पंजाबच्या या हद्दीची निमताना मोजणीही झाली, हे मला सरदारजींमुळेच आठवलं. त्यांनी विचारलं, पुण्याकडचे का, मग राजगुरूंचं गाव माहीत असेल. माहीत कसलं, खेड तालुक्यात मी नोकरी केली आहे. शिवराम हरी राजगुरूंच्या नावानं खेडचं राजगुरुनगर झालं. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना लाहोरला फाशी दिल्यावर सतलजच्या काठी हुसैनीवालाला अग्नी दिला होता. 1947 च्या रेषेनं ती जागा पाकिस्तानात गेली. पंजाबातल्या हद्दीचे काही वाद 1960 मध्ये दोन देशांनी बसून मिटवले आणि पुढच्या वर्षी सुलेमानकीजवळची बारा गावं देऊन भारतानं हुसैनीवाला परत मिळवलं. त्या बारा गावांतल्या लोकांना कुणी विचारलं होतं का, हे मात्र सरदारजींना सांगता आलं नाही.

बसमध्ये ही बराच वेळ गप्प होती, मग तिच्या सिंधी मैत्रिणींबद्दल बोलू लागली. सिंधवर रेषा नव्हतीच. पंजाब आणि बंगाल तुटले; सिंध अख्खा गेला. 1936 पर्यंत तो मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीचं जुनं सरकारी हायस्कूल आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावानं ओळखलं जातं. तिथले हिंदू 1948 च्या जानेवारीतल्या दंगलीनंतर बोटींनी मुंबईला उतरले आणि कल्याणजवळच्या लष्करी बराकींत ठेवले गेले. त्या छावणीचं 8 ऑगस्ट 1949 ला उल्हासनगर झालं. तिथल्या सिटी सर्व्हेचं काम काही काळ माझ्याकडे होतं. बराक नंबर, खोली नंबर, सनद, मधे पडदे लावून झालेल्या भिंती; तसलं किचकट काम मी दुसरं केलं नाही. एक आजोबा दर खेपेला सिंधमधल्या घराच्या 'क्लेम'चा कागद घेऊन येत. मला त्याचा काही उपयोग नव्हता, त्यांनाही ठाऊक होतं. पण आधी तो कागद टेबलावर ठेवायचा, मग उल्हासनगरचा.

अमृतसरच्या संग्रहालयात पंजाब भरपूर आहे, त्या मानानं सिंध मला कमी दिसला. 2023 मध्ये दिल्लीत काश्मिरी गेटजवळ, दारा शुकोहच्या ग्रंथालयाच्या इमारतीत फाळणीचं दुसरं संग्रहालय सुरू झालं; तिथं आता सिंधचं वेगळं दालन आहे. महाराष्ट्रात असं काही नाही, आणि खरं तर इथं ते असायला हवं. उल्हासनगर, पिंपरी, चेंबूर, सायन कोळीवाडा, कोल्हापूरजवळचं गांधीनगर या सगळ्या वस्त्या 1947 च्या हद्दीनं वसवलेल्या आहेत. गांधीनगरची वळिवड्याची छावणी तर त्याआधी पोलंडच्या निर्वासितांनी भरलेली होती. ते गेले आणि सिंधी आले.

म्हणून जाता जाता एक विनंती. यांतल्या कुठल्याही गावी तुम्ही राहत असाल, किंवा तिथल्या जुन्या घराची आवराआवर तुमच्यावर आली असेल, तर ट्रंकेतले कागद वाचल्याशिवाय रद्दीत देऊ नका. क्लेमची प्रत, रेशनकार्ड, छावणीचा पास, बोटीचं तिकीट, काहीही असो. घरात म्हातारं माणूस असेल तर आधी त्याच्याकडून कागदामागची हकीकत लिहून घ्या, गावाचं, तालुक्याचं, शेजाऱ्यांचं नाव विचारा, तारीख घाला, सही घ्या. संग्रहालयं अशा वस्तू स्वीकारतात. नाहीच जमलं तर निदान एक प्रत काढून नगर वाचनालयात ठेवा.